दोनशे बारा नंबरचं रीळ

उद्या दहाला मला एका कागदावर सही करायची हाय. सही म्हणजे काय मोठं, मथुराबाई बलभीम ओव्हाळ एवढंच लिवायचं. प्रौढ वर्गात गिरवून गिरवून शिकलेलं नाव हाय, आता चुकत न्हाय. पण ही सही करायला मन घेईना. का ते सांगते, पण आदी आमच्या ह्यांचं सांगावं लागंल. कारण सहीचं हे खूळ ह्यांचं, माझं न्हवं.

हे म्हणजे माझे मालक, बलभीम. आता एवढ्या वयात नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायचं ते काय! गाव बेंबळी. मॅट्रिक झालेले, अक्षर मोत्यावानी अन् डोकं दगडावानी. एकदा म्हणले ते म्हणले. बाहत्तरच्या दुष्काळात गावाजवळ तलावाचं काम निघालं, तवा हे तिथं हजरी मांडायला लागले अन् मी त्याच कामावर खडी फोडायला. बायकोला जरा सावलीतलं काम द्या, असं मुकादमाला एका शब्दानं म्हणले न्हाईत. म्या तवा लई शिव्या घातल्यात ह्यांना.

रोज दुपारी सुरुंग उडायचा. मुकादम शिट्टी मारायचा, समदी माणसं लांब पळायची. हे मात्र हजरीचं बुक काखंत धरून जवळच उभे, मागं कोण राहिलं का बघायला.

"कानात बोटं तरी घाला की," मी म्हणायचे.

"बोटं घातली अन् कुणी हाक मारली तर ऐकू कसं येणार?"

रातच्याला कानात शिट्ट्या वाजतात म्हणायचे. दुष्काळ तर गेला एकदाचा, शिट्ट्या काय गेल्या न्हाईत.

आमची येशी तवा दीड वर्षाची. नाव यशोधरा, पण एवढ्याशा पोरीला एवढं मोठं नाव कोण घेतंय. मी खडी फोडायची अन् ती शेजारी चिंध्यांवर बसून खडे हातात घेऊन खेळायची. एक दिवस माणिकप्पा नावाचे एक गुरुजी आले, बॅटरीवरचं टेप खांद्याला लावून. ते कामाकामावर हिंडून माणसांचं बोलणं रिळात भरून घेत व्हते. आमाला हसू यायचं. हितं प्यायला पाणी न्हाय अन् ह्यांना आमचं बोलणं पाहिजे!

मला इचारलं, "बाई, काय खाता?"

म्या म्हणलं, "काय खाता म्हणून काय इचारता गुरुजी, फोडताव तेच खाताव. दगडं!" गुरुजी हसले. तेवढ्यात मुकादमाची हजरीची शिट्टी झाली, अन् मागनं येशीनं बापाला हाक मारली. आबा. मग परत आबा. चार वेळा हाक मारली पोरीनं. हे बाभळीखाली हजरी मांडत बसलेले, मान वर केली न्हाय. चौथ्या हाकंनंतर पोरगी आपलीआपणच खुदकन हसली. एवढं समदं त्या रिळात गेलं.

पुढच्या चैतात गोवर आला. तीन दिवसांत येशी गेली. फोटो म्हणाल तर तवा फोटो कुणाकडं काढलेला असायचा! आंगडं व्हतं ते तिच्याबरोबरच गेलं. मागं राहिल्या त्या चार हाका अन् ते हसणं, अन् तेबी दुसऱ्याच्या रिळात. पुढं दोन लेकरं झाली, शिकली, नोकरीला लागली, चांगलं झालं. पण येशीची जागा येशीचीच.

ब्याऐंशी साली गुरुजींनी ह्यांना धाराशिवला बोलावून घेतलं. जिल्ह्यातल्या सहकारी सोसायट्यांनी मिळून आवाजांचा संग्रह काढला व्हता, त्यांच्याच संघाच्या इमारतीत वर दोन खोल्या. गुरुजींची चारशेवर रिळं तिथं आलती. दहा वर्षांत रिळं खराब व्हायला लागली म्हणून ती कॅसेटींत उतरवायचं ठरलं. उतरवायचं काम गोरोबा नावाचा मिस्त्री करायचा, अन् उतरलेली कॅसेट बरोबर हाय का न्हाय ते कानानं तपासायचं काम ह्यांचं. राहायला मागं एक खोली मिळाली. पोरांची शाळा हाकंच्या अंतरावर. आमाला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण त्या कामाला एक गोम व्हती. नवीन रिळं मिळायची न्हाईत. मग कॅसेट तपासून झाली, ह्यांनी वहीत 'ऐकले, बरोबर' लिवून सही केली, की मूळ रीळ खाली संघाकडं जायचं अन् त्याच्यावर कुठल्यातरी सभेतली भाषणं भरायची. नवीन भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं. बायाबापड्यांचं रडणं पुसून त्याच्यावर चेअरमनचं 'माझ्या शेतकरी बांधवांनो'! मला लई चीड यायची. पण सही झाली की मूळ गेलं, हा कायदाच व्हता.

म्हणून हे ऐकायला बसले की त्यांच्या वाऱ्याला उभं राहायची सोय न्हवती. दार लावून, डोळे मिटून, हेडफोन कानाला. आदी मूळ रीळ ऐकायचं, मग कॅसेट, दोन्ही मुंडक्यापास्नं शेपटापर्यंत. मधी ठसका लागला, पाणी प्यायला उठावं लागलं, तर परत पयल्यापास्नं. पुढ्यात मूठभर जवारी ठेवायचे. खरखर झाली, शब्द तुटला, की एक दाणा वाटीत टाकायचे. वाटीत पाच दाणे झाले की कॅसेट परत. गोरोबा वैतागून म्हणायचा, "आवं, तुमच्या जवारीपायी माझी भाकर बंद व्हईल." हे म्हणायचे, "ऐकलं न्हाय तर सही न्हाय. माझी सही म्हणजे एका माणसाचा गळा हाय बाबा."

मला म्हाईत व्हतं, येशीचं रीळ दोनशे बारा नंबरचं हाय. कामाला लागले त्याच आठवड्यात ह्यांनी ते मला ऐकवलं व्हतं. म्या तवाच म्हणलं, तेवढं एक रीळ गुरुजींना मागून घ्या. तर म्हणले, "आपल्या पोरीचं ठेवलं, तर बाकीच्यांच्या पोरींनी काय केलंय?" घ्या आता! असल्या माणसापुढं कपाळ फोडून घ्यावं न्हायतर गप बसावं. मी गप बसले. पण नंबर पुढं सरकंल तशी मी रिळं मोजायला लागले. दीडशे झाले, पावणेदोनशे झाले. येशीची कॅसेट नीट उतरली न्हाय अन् ह्यांची सही पडली तर? रोज संध्याकाळी इचारायची, "कितीवर आलंय?" हे म्हणायचे, "तुला काय करायचंय?" पण त्यांनाबी तीच फिकीर व्हती, मला कळत व्हतं.

अन् त्यातच मला दुसरी गोष्ट कळली. मी चहा घेऊन गेले की बांगड्यांच्या आवाजावरनं हे पाठमोरेच म्हणायचे, "ठेव तिथं." चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते बंद झालं. मी मागं येऊन उभी राहायची अन् ह्यांना पत्ताच न्हाय. रस्त्यात सायकलची घंटी वाजली तर सरकायचे न्हाईत. गड्यांचं अन् माझं मोठ्यानं बोलणं समदं कळायचं, पण आमची धाकटी बोलली की "आँ?" करायचे. सुरुंगानं आता डाव साधला, म्हणलं.

मी कुणाला बोलले का? न्हाय बोलले. बोलले असते तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर खोली, खोलीबरोबर पोरांची शाळा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं. मनात म्हणायचे, पोरगं मॅट्रिक होस्तवर निभू दे. खरं सांगू? तेच माझं चुकलं, अन् ते मला जन्मभर पुरलंय.

दिवाळीच्या मागं एक दिवस हे दुपारीच घरी आले अन् भिंतीला टेकून खाली बसले. तोंड पांढरंफट. म्या इचारलं, काय झालं. म्हणले, "दोनशे बारा उतरलं."

"मग?"

"येशी न्हाय त्यात."

"कॅसेटीत न्हाय, रिळात तर असंल?"

"रिळातबी न्हाय. तीनदा ऐकलं. तू हायस, गुरुजी हायत. येशी न्हाय. मथुरा, म्याच पुसली तिला."

मग सांगितलं. मागल्या उन्हाळ्यात खोलीला चुना मारायचा व्हता, तवा ह्यांनी रिळांचा एक गठ्ठा उचलून सभेच्या मोठ्या भोंग्याच्या खोक्यावर ठेवला व्हता. भोंग्यात लोहचुंबक असतंय, त्याच्याजवळ रीळ गेलं की आवाज उडतो. दोनच घटका ठेवला व्हता म्हणले. पण त्या गठ्ठ्यात दोनशे बारा व्हतं. चार दिवस ह्या माणसानं घास गिळला न्हाय. झोपेतनं दचकून उठायचे अन् अंधारात बसून राहायचे. मला भ्या वाटायला लागलं, हा माणूस एखाद्या दिवशी हिरीकडं जायचा.

रविवारी म्या हट्ट धरला, मला ऐकवा. संघात कुणी न्हवतं. ह्यांनी रीळ चढवलं, हेडफोन माझ्या कानाला लावला अन् समोर बसले. माझ्या तोंडाकडं टक लावून. माझं बोलणं आलं, गुरुजी हसले, मुकादमाची शिट्टी आली, अन् मागनं, अगदी काल बोलावं तशी, येशी म्हणली, आबा!

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आवं, ही काय बोलतीय की!"

मी बोलले अन् जीभ चावली. ह्यांनी हेडफोन ओढून घेतला, स्वतःच्या कानाला दाबला, आवाज मोठा केला. परत मागं फिरवलं, परत ऐकलं. मी बोटानं दाखवत व्हते, ही बघा आता, ही बघा. ह्यांच्या तोंडावर काहीच न्हाय. मग हळूच हेडफोन खाली ठेवला. वाटलं, पोरगी सापडली म्हणून रडतील. तर हे उठले, कपाटातनं वही काढली अन् पानं उलटायला लागले.

"मला बाईमाणसाचा, लेकराचा बारीक आवाज कळंना झालाय," म्हणले. "म्हणजे ह्या समद्या सह्या खोट्या हायत."

आगीतनं फुफाट्यात म्हणतात ते असं. टेपच्या हेडला मळ बसला की उतरवताना बारीक आवाज आदी जातो अन् जाड तेवढा राहतो. ज्याला बारीक ऐकूच येत न्हाय त्याला ते कळावं कसं! उन्हाळ्यापास्नं ह्यांनी बायांच्या एकोणीस कॅसेटींवर सह्या केल्या व्हत्या. त्यांतली अकरा रिळं खाली जाऊन पुसून झाली व्हती.

मी म्हणलं, "कुणाला सांगू नका. दोघं बसून ऐकू, मी तुमचे कान व्हईन, कुणाला कळणारबी न्हाय." पाया पडले त्यांच्या. तर हे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सरळ गुरुजींच्या घरी गेले अन् समदं सांगून आले.

गुरुजी ओरडले न्हाईत, तेच लई वाईट. मला बोलावणं पाठवलं अन् म्हणले, "मथुराबाई, तुम्ही ऐका." दोन आठवडे मी त्या खोलीत बसून अकरा कॅसेटी ऐकल्या. दर कॅसेटीला जीव मुठीत. धा चांगल्या निघाल्या. अकरावी येडशीच्या कडूबाईची. गोधडीत तोंड घालून बोलावं तसा नुसता घों घों आवाज, एक शब्द कळंना. मूळ रिळावर तवर एका सोसायटीची वार्षिक सभा भरून झालेली. मी वाटीत दाणे टाकत गेले अन् पाचाचे पन्नास झाले.

हे येडशीला गेले, मला बरोबर घेऊन. कडूबाई दोन वर्षांमागं वारलेली. तिचा लेक ज्ञानोबा, आमच्याच वयाचा, खळ्यावर व्हता. ह्यांनी हात जोडून सांगितलं, तुझ्या आईचा आवाज आमच्याकडं व्हता, माझ्या चुकीनं पुसला. तो म्हणला, "आमच्या म्हातारीचा आवाज? कुणाकडं व्हता? आमाला कुणी सांगितलंच न्हाय." आवाज हाय हे अन् आवाज गेला हे, त्याला एकाच दमात कळलं. एवढा बाप्या माणूस, पण तोंड लेकरावानी झालं त्याचं. पाणी दिलं आमाला. म्या ते तसंच खाली ठेवलं. निम्मं पाप माझं, मी आदी बोलले असते तर कडूबाई राहिली असती.

त्या दिवसापास्नं ऐकायचं काम माझ्याकडं आलं, अन् हे खोक्यांवर नावं लिवायला लागले. नोकरी गेली न्हाय, खोली गेली न्हाय. जे भ्या घेऊन मी गप बसले व्हते, ते खरं झालंच न्हाय बघा. गुरुजी म्हणले, "दोनशे बाराचं रीळ राहू द्या बलभीमराव. ते पुसायला नको." ह्यांनी मान हलवली. "कडूबाईचं राहिलं न्हाय. आमचं कशानं राहतंय?" मी किती भांडले! बोलणं टाकलं, भाकर टाकली. शेवटी म्या कॅसेट मुंडक्यापास्नं शेपटापर्यंत ऐकली, चार हाका मोजल्या, हसू ऐकलं, अन् वहीत लिवलं, 'ऐकले, बरोबर. मथुराबाई.' ती माझी वहीतली पयली सही. रीळ खाली गेलं. त्या दिवशी जेवताना हे नुसते माझ्या हाताकडं बघत व्हते.

ह्यांनी कॅसेट घरी आणू दिली न्हाय. म्हणले, तू दिसरात वाजवशील अन् पट्टी झिजंल. दर चैतात मात्र आमी दोघं संग्रहात जायचो. हेडफोन मला. हे समोर बसून तळहात पुढं करायचे अन् इचारायचे, "हाय का?" मी म्हणायची, "हाय." अन् येशीनं हाक मारली की त्यांच्या तळहातावर बोट टेकवायची. एक, दोन, तीन, चार. चौथ्यानंतर हे खुदकन हसायचे, तिच्यासारखे.

मग गुरुजी गेले. सोसायट्या मोडल्या. खोल्यांना कुलूप लागलं ते वीस वर्षं. ह्यांचे कान आता पुरतेच बंद, खुणांवर चालतंय. अन् मागल्या महिन्यात सुमनबाई नावाच्या एक मॅडम आल्या. समद्या कॅसेटी काँप्युटरमधी भरायला लागल्यात. भरलेलं बरोबर हाय का, हे जुन्या वहीत ज्यांच्या सह्या हायत त्यांच्यापैकी कुणी जितं असलं तर त्यानं ऐकून सांगायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणल्या, "तोंडाशी अन् शेवटी मी तपासलंय, मधलं तुम्ही ऐका. तुमची सही झाली की कॅसेट काढून टाकू, सगळ्यांना बुरशी लागलीय." म्हणजे परत तेच, सही झाली की मूळ गेलं.

आज सकाळी आमी दोघं गेलो. सुमनबाईंनी काँप्युटरमधी भरलेलं दोनशे बारा लावलं अन् हेडफोन माझ्या कानाला दिला. माझाच आवाज आला, तरणा अन् फटकळ, जरा जाडसर. फोडताव तेच खाताव, दगडं. गुरुजी हसले. आता, म्हणलं. आता शिट्टी, अन् मग येशी.

शिट्टी आली न्हाय. येशीबी आली न्हाय. नुसतं लांब कुठंतरी घण घातल्यावानी वाजत राहिलं.

ह्यांनी तळहात पुढं केला. "हाय का?"

म्या मान हलवली, हाय. अन् अदमासानं बोट टेकवलं. एक, दोन, तीन, चार. हे खुदकन हसले. सुमनबाईंनाबी हसू आलं, अन् त्यांनी कागद पुढं सरकवला. म्या पेन हातात घेतला अन् खाली ठेवला. "उद्या करते बाई," म्हणलं, "आज चष्मा आणला न्हाय." चष्मा कमरंलाच व्हता.

माझे कान गेलेत का येशी गेलीय, हे मला ठाऊक न्हाय. मागल्या वर्षापास्नं सून म्हणतीय, आत्या, तुमाला फोनची घंटी ऐकू येत न्हाय. तवा मी तिच्यावरच खेकसले व्हते. उद्या सुमनबाईंना इचारावंच लागंल, बाई, मधी कुठं लेकरू हाक मारतंय का, तुमी ऐका. त्या हाय म्हणल्या तर मी सुटले. त्या म्हणल्या, कुठलं लेकरू, तर मग ह्यांना काय सांगू, अन् कुठल्या तोंडानं? देवाला हात जोडायचं आमच्या लोकांनी छप्पन सालीच सोडलंय, न्हायतर एवढंच मागितलं असतं, की माझेच कान गेलेले असू देत.

हे ओट्यावर शेंगा फोडत बसलेत. आत्ताच आत वाकून इचारलं, "मथुरा, आज येशी लई साफ बोलली का गं?"

म्या मान हलवली.